परवान्याची किल्ली मंत्रालयाकडे नको



युद्धातून सावरणाऱ्या देशांतील प्रसारमाध्यमांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. यादवी संपल्यावर निदान काही वर्षे तरी वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरचित्रवाणी सरकारच्या कडक देखरेखीखाली ठेवावीत, नाहीतर द्वेषाचा वणवा पुन्हा पेटेल, असे लेखकाचे म्हणणे आहे. दाखला दिला आहे तो रवांडातील ‘आरटीएलएम’ या रेडिओचा. लेखकाची कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. रवांडाचा इतिहास मुळातून पाहिला तर तो सरकारी देखरेखीच्या बाजूने नव्हे, विरोधात साक्ष देतो.

आरटीएलएम जुलै १९९३ मध्ये सुरू झाला. एप्रिल १९९४ पासून जेमतेम शंभर दिवसांत तिथे सुमारे आठ लाख माणसांची कत्तल झाली. त्यांत बहुसंख्य तुत्सी समाजाचे होते. या रेडिओने लोकांची नावे, ठावठिकाणा, गाड्यांचे क्रमांक सांगून त्यांना मारेकऱ्यांच्या तोंडी दिले. पण हे कुणा मोकाट पत्रकारांचे उद्योग नव्हते. राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना हे या रेडिओचे सर्वांत मोठे भागधारक होते. त्याचे एक संस्थापक फर्डिनांड नाहिमाना हे आधी सरकारी माहिती कार्यालयाचे संचालक होते. ते त्या पदावर असतानाच, मार्च १९९२ मध्ये, सरकारी ‘रेडिओ रवांडा’ने एक बनावट पत्रक पुन्हा पुन्हा वाचून दाखवले. तुत्सी लोक हुतू समाजाच्या पुढाऱ्यांना ठार मारण्याच्या बेतात आहेत, असा त्याचा मथितार्थ. त्यापाठोपाठ बुगेसेरा भागात शेकडो तुत्सी मारले गेले. म्हणजे आरटीएलएम जन्माला येण्याआधीच ही विद्या सरकारी रेडिओवर शिकून झाली होती.

नियम नव्हते, असेही नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये सरकारने आरटीएलएमशी केलेल्या करारातच द्वेष आणि हिंसा भडकवणाऱ्या प्रसारणाला मनाई होती. माहितीमंत्री फॉस्टिन रुकोगोझा यांनी ही अट पाळायला लावण्याचा प्रयत्नही केला. नोव्हेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ अशा दोन वेळा त्यांनी रेडिओच्या चालकांना बोलावून समज दिली. चालकांनी ती जुमानली नाही, कारण त्यांचे पाठीराखे मंत्र्यापेक्षा मोठे होते. ७ एप्रिल १९९४ रोजी, हत्याकांडाच्या पहिल्याच दिवशी, रुकोगोझा मारले गेले. करार होता, अट होती, कर्तव्य बजावू पाहणारा मंत्रीही होता. सत्तेच्या वर्तुळाबाहेर उभी राहून निर्णय देणारी आणि तो अंमलात आणणारी यंत्रणा तेवढी नव्हती.

हत्याकांडानंतर रवांडाने बव्हंशी लेखकाने सुचवलेलाच रस्ता धरला. त्याचे फळ काय मिळाले? २०१० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला काही महिने उरले असताना माध्यम परिषदेने ‘उमुसेसो’ आणि ‘उमुवुगिझी’ या दोन टीकाकार वृत्तपत्रांवर सहा महिन्यांची बंदी घातली. जूनमध्ये ‘उमुवुगिझी’च्या उपसंपादकाची किगालीत गोळ्या घालून हत्या झाली. पुढे २०१३ मध्ये स्वनियमनासाठी आयोग नेमला गेला, पण दोनच वर्षांत त्याच्या अध्यक्षांना देश सोडावा लागला. द्वेष रोखण्यासाठी हाती घेतलेले हत्यार टीका रोखण्यासाठी वापरायला वेळ लागत नाही.

याच्या शेजारी बोस्निया ठेवून पाहा. डिसेंबर १९९५ मध्ये तिथले युद्ध संपवणाऱ्या डेटन करारावर सह्या झाल्या, तरी सर्ब राष्ट्रवाद्यांची ‘एसआरटी’ वाहिनी विष ओकतच राहिली. युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्ता लुईस आर्बर यांच्या पत्रकार परिषदेचा तिने विपर्यास केला. १ ऑक्टोबर १९९७ रोजी नाटोच्या फौजांनी तिचे चार प्रक्षेपण मनोरे ताब्यात घेतले. पण सैनिकांनी मनोरे रोखून धरणे म्हणजे नियमन नव्हे, हे तिथल्या आंतरराष्ट्रीय प्रशासनाने ओळखले. १९९८ मध्ये स्वतंत्र माध्यम आयोग स्थापन झाला. रेडिओ-दूरचित्रवाणीला परवाना आणि आचारसंहिता. उल्लंघन झाल्यास आधी इशारा, मग दंड, मग निलंबन आणि परवाना रद्द करणे हा अखेरचा उपाय, अशी चढती पायरी ठरली. सर्ब, क्रोएट, बोस्नियाक, सर्वांच्या वाहिन्यांना एकच माप. २००१ मध्ये हा आयोग दूरसंचार नियामकात विलीन होऊन कायमचा झाला. वृत्तपत्रांना मात्र परवाना लावला नाही. त्यांच्यासाठी १९९९ मध्ये संहिता आणि २००० मध्ये प्रेस कौन्सिल आली. तिला दंड करण्याचा अधिकार नाही. ती तक्रार ऐकते, चूक दाखवते, खुलासा छापायला सांगते.

रेडिओ-दूरचित्रवाणीला एक न्याय आणि छापील शब्दाला दुसरा का, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिले आहे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्या वापराचे नियमन सरकारने नव्हे, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, असे न्यायालयाने सांगितले. त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते आणि पुढे तेच भारताच्या प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तीस वर्षे उलटली तरी वाहिन्यांचे परवाने आजही माहिती व प्रसारण मंत्रालयच देते. आणि प्रेस कौन्सिलची सर्वाधिक गरज होती त्या आणीबाणीत सरकारने ती बरखास्तच करून टाकली होती. लोकशाहीत मुरलेल्या देशात हे घडते, तर कालपरवा बंदुका खाली ठेवलेल्या देशात मंत्रालयाच्या हाती परवान्याची किल्ली देण्याचा आग्रह कशासाठी?

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक बळकट दाखला आहे. तो टाळून चालणार नाही. एप्रिल २००० मध्ये कोसोवोतील ‘दिता’ या दैनिकाने संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनात काम करणारा एक सर्ब दुभाष्या युद्धगुन्हेगार असल्याचा आरोप केला आणि त्याचे नाव, छायाचित्र, घरचा पत्ता, कामाचे ठिकाण छापले. काही आठवड्यांतच त्याचा मृतदेह सापडला. अशा वेळी वृत्तपत्राला केवळ खुलासा छापायला सांगणे म्हणजे मेलेल्या माणसाची थट्टा ठरली असती. संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने आधी दैनिकाला आठ दिवस टाळे ठोकले. पण त्याहून महत्त्वाचे काम पुढच्या काही दिवसांत झाले. एखाद्याच्या जिवावर बेतेल असा तपशील छापण्यास मनाई करणारा नियम आला, दंडाची तरतूद झाली आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी वेगळे अपील मंडळ नेमण्यात आले. छापील शब्दावर बंधन घालायचेच तर ते इतके नेमके हवे. ‘राष्ट्रीय ऐक्याला बाधा’ असल्या ढगळ शब्दांत कुठलाही संपादक अडकवता येतो.

लेखात पैशाचा विषय आलाच नाही. खरी मेख तिथे आहे. बोस्नियाच्या सार्वजनिक वाहिनीसाठी घरोघरी शुल्क आकारले जाते आणि ते तीन प्रसारकांत वाटून घ्यायचे, असे कायदा सांगतो. बोस्नियाचाच घटक असलेल्या सर्ब प्रजासत्ताकाच्या प्रसारकाने वर्षानुवर्षे राष्ट्रीय वाहिनीचा वाटा दिला नाही. कर्जात बुडालेली ती वाहिनी बंद पडण्याच्या काठावर आहे. नियामक कितीही स्वतंत्र असला तरी सर्वांची म्हणावी अशी वाहिनी उपाशी मारता येते. परक्या देणगीदारांचा पैसा ही उणीव कायमची भरून काढत नाही. तो आटला की संस्था कोलमडतात. आणि राजकारण्यांची जुनी खोडही सहजी जात नाही. दोन दशकांपूर्वी दिवाणी ठरवलेली बदनामी २०२३ मध्ये सर्ब प्रजासत्ताकाने पुन्हा फौजदारी गुन्हा केली.

हा प्रश्न आज पुन्हा दारात उभा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यानंतर सीरियात माध्यमांची घडी नव्याने बसवावी लागणार आहे. तिथे काय व्हायला हवे? प्रसारणलहरींचे नियमन स्वतंत्र प्राधिकरणाकडे असावे, त्याच्या सदस्यांना मुदतीआधी काढण्याचा अधिकार मंत्र्याला नसावा. वृत्तपत्रे परवान्यापासून मुक्त असावीत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या मजकुरापुरताच कायदा असावा, त्याचा निवाडाही न्यायालयात व्हावा. सार्वजनिक वाहिनीचा पैसा कायद्याने थेट तिच्या खात्यात जावा, मध्ये कुणाचा हात नको.

हे सगळे कागदावर उतरले तरी ते खरे की खोटे, हे ओळखण्याची कसोटी एकच आहे. सत्ताधाऱ्यांच्या बाजूची वाहिनी द्वेष पसरवते तेव्हा नियामक तिला दंड करतो का, आणि तो दंड वसूल होतो का? रवांडात रुकोगोझा या कसोटीला एकटे उभे राहिले आणि जिवाला मुकले. पुढच्या देशात त्या जागी एकटा मंत्री नसावा, कायद्याने संरक्षण दिलेली संस्था असावी.

– एक नियमित वाचक, सातारा