बांधावरची रुई राहू द्या

पावसाळा सरताना पंचगंगेकाठच्या मळ्यांत किंवा गावकुसाबाहेरच्या पडीक जागेत जरा थांबून बघा. नारिंगी पंखांचं, पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरा पट्टा असलेलं एक फुलपाखरू संथपणे उडताना दिसेल. हा बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर. त्याला घाई नसते, कारण पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याची पट्टेरी अळी रुईची पानं खाते, चिकातलं विष अंगात साठवते आणि तो कडवटपणा पंख फुटल्यावरही राहतो. एकदा तोंड पोळलेला पक्षी हा रंग विसरत नाही.

याच रंगाचं दुसरं एक फुलपाखरू आहे, डॅनेइड एगफ्लायची मादी. तिच्या अंगात विष नाही, पण रंग, पट्टा, संथ उडणं, सगळं कडव्याचं. ओळखायचं तर मागचा पंख बघा. कडव्याला पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, हिला वरच्या कडेला एकच. हिचा नर काळाभोर, पांढऱ्या डागांभोवती निळी-जांभळी झाक असलेला. ही दोघं एका जातीची आहेत हे सांगूनही पटत नाही. अशा सोंगाचा उलगडा हेन्री बेट्स यांनी अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये केला.

मात्र हे सोंग कडव्याच्या जिवावर चालतं. कडवे भरपूर असले तरच पक्ष्यांना धडा मिळतो. ते घटले की नवख्या पक्ष्याची पहिली चोच हिच्यावर पडणार आणि घास गोड लागणार! 1972 च्या वन्यजीव कायद्याने डॅनेइड एगफ्लायला संरक्षण दिलं, पण तिला जगायला कडव्यांसाठी रुई हवी आणि घोळही हवी, कारण तिची अळी घोळीवर वाढते.

आपण नेमकं हेच दोन्ही काढून टाकतो. उसाच्या बांधावर तणनाशक मारतो, अंगणात खुरपं चालवतो. या दोन्ही अळ्या ऊस खात नाहीत की भात, मग हा राग कशासाठी?

शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं जरूर काढा. फक्त पान उलटून बघा, अळी असेल तर ते सोडा आणि बुंध्याला कोयता लावू नका. घोळीची भाजी शेंड्याकडून खुडा, मुळासकट उपटू नका. बांधावर फवारणी नको. पिकाला नडणारं तण हाताने काढा. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा बांधाच्या एका टोकाला रुईचं एक झुडूप आणि थोडी घोळ तेवढी राखा.