विश्लेषण : लग्न आपल्या मनासारखं करायचंय? कायदा किती मोकळीक देतो?

दोघांच्या नावांचा हॅशटॅग, आवडत्या चित्रपटावर बेतलेला मंडप, डोंगरकड्यावरचे प्री-वेडिंग चित्रीकरण… लग्न ‘आपल्यासारखं’ असावं, ही जोडप्यांची इच्छा बाजारपेठेने केव्हाच हेरली आहे. त्याच वेळी कन्यादान वगळून, संविधानाची उद्देशिका वाचून किंवा मोजक्या माणसांत नोंदणी पद्धतीने लग्न करणारी जोडपीही दिसू लागली आहेत. मात्र लग्न हा समारंभ असतो, तसा कायदेशीर संबंधही असतो. त्यात काय बदलले तर चालते आणि काय बदलले तर लग्नाच्या वैधतेवरच प्रश्न येतो, याविषयी.

ही चर्चा आता का?

लग्न हा आता मोठा व्यवसाय झाला आहे. व्यापाऱ्यांची संघटना असलेल्या ‘कॅट’ने २०२३ च्या हंगामात, २३ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या तीन आठवड्यांत, देशभरात ३८ लाख लग्ने होऊन ४.७४ लाख कोटी रुपयांची उलाढाल होईल, असा अंदाज वर्तवला होता. हिशेब केला तर एका लग्नामागे सरासरी साधारण साडेबारा लाख रुपये येतात. हा व्यापाऱ्यांचा अंदाज असला, तरी खर्चाची दिशा त्यातून कळते. त्याच नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून, परदेशात जाऊन लग्न करण्यापेक्षा देशातच करा, असे आवाहन केले.

दुसऱ्या बाजूने, २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंडा आणि बडेजावी लग्नांचा प्रश्न ऐरणीवर आला. मराठा समाजातील काही संघटनांनी लग्नांसाठी आचारसंहिता मांडली. पाहुणे मर्यादित असावेत, डीजे आणि प्री-वेडिंग चित्रीकरणाला फाटा द्यावा, असा तिचा सूर होता. बाजार म्हणतो आणखी खर्च करा, समाज म्हणतो आवरा. ज्यांचे लग्न आहे त्या दोघांना काय हवे, हा प्रश्न या दोन्हींत मागे राहतो.

कायद्याला नेमके काय लागते?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण असावे, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, निषिद्ध नात्यातील विवाह नसावा, अशा त्याच्या अटी आहेत. विधींबाबत कलम ७ इतकेच सांगते, की दोघांपैकी कोणा एकाच्या रूढीप्रमाणे विवाह लावता येतो. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो.

म्हणजे दोन्ही घरांचे सगळे विधी व्हायलाच हवेत, असे कायदा म्हणत नाही. वराकडची पद्धतच पाळली पाहिजे, असेही नाही. मुहूर्त, पत्रिका, मानपान, रुखवत, वरात यांचा तर कायद्यात उल्लेखही नाही.

कन्यादान, अंतरपाट, मंगलाष्टके वगळता येतात?

येतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका प्रकरणात, हिंदू विवाहासाठी कन्यादान अत्यावश्यक नाही, कायदा सप्तपदीचा उल्लेख करतो, असे स्पष्ट केले. ‘मुलगी दान का द्यायची,’ असा प्रश्न पडणाऱ्या जोडप्यांसाठी हे महत्त्वाचे आहे. मंगलाष्टके नेहमीची म्हणायची की घरातल्या कोणी नव्याने लिहिलेली, अंतरपाट धरायचा की नाही, वधूने आधी हार घालायचा की वराने, हे सारे दोन्ही घरांच्या इच्छेवर आहे.

ज्यांना विधी हवेत, पण समजून हवेत, त्यांच्यासाठीही वाट आहे. पुण्यातील ज्ञानप्रबोधिनीने मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची पद्धत रुजवली. तिथे तयार झालेल्या स्त्री पुरोहितही लग्ने लावतात.

विधी अर्धवट राहिला तर काय होते?

इथे सावध राहायला हवे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका जोडप्याचे प्रकरण आले. त्यांच्याकडे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र होते, पण कोणताही विधी झालेला नव्हता. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने ते प्रमाणपत्र रद्द ठरवले आणि त्यांचा विवाह झालाच नव्हता, असे जाहीर केले. हिंदू विवाह कायद्याखालील नोंदणी ही झालेल्या लग्नाचा पुरावा असते. तिने लग्न लागत नाही. लग्न म्हणजे केवळ नाचगाणी आणि खाणेपिणे नव्हे, असेही न्यायालयाने सुनावले.

याचा फटका कसा बसतो, हे महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात दिसते. भाऊराव लोखंडे प्रकरणात दुसरे लग्न केल्याचा आरोप असलेला पती १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला. दुसरे लग्न ‘गांधर्व’ पद्धतीने लावताना होम आणि सप्तपदी झाली नव्हती, आणि ते विधी रूढीने गळून पडल्याचेही सिद्ध झाले नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने दुसरे लग्नच झाले नव्हते. पोटगी, वारसा, द्विभार्या अशा प्रसंगी ‘लग्न कसे लागले’ हा प्रश्न वर्षांनंतर उभा राहतो आणि बहुतेक वेळा त्याची झळ बाईला बसते. म्हणून विधी आवडीने निवडावेत. वैधता मात्र नशिबावर सोडू नये.

वेगळ्या पद्धतीच्या लग्नाला महाराष्ट्रात परंपरा आहे का?

आहे, आणि ती दीडशे वर्षांची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च अगदी कमी. फुल्यांनी रचलेल्या मराठी मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांची आठवण करून देते. वधूला लग्नात स्वतःचा आवाज असावा, हा विचार तेव्हाच मांडला गेला होता.

त्याला विरोधही झाला. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या सत्यशोधकांनी पुरोहिताविना लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने १८९० मध्ये सत्यशोधकांच्या बाजूने निकाल दिला.

तमिळनाडूत पेरियार यांच्या चळवळीतून आलेल्या ‘स्वाभिमान विवाहा’ला १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून मान्यता देण्यात आली. नातेवाईक, मित्र यांच्यासमोर हार किंवा अंगठी घातली, एकमेकांचा स्वीकार केल्याचे समजेल अशा भाषेत सांगितले, की लग्न लागते. पुरोहिताची गरज नाही. महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहासाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे या पद्धतीने लग्न करणाऱ्यांनी त्याला विशेष विवाह कायद्याची जोड देणे शहाणपणाचे ठरते.

विशेष विवाह कायद्यात काय वेगळे आहे?

१९५४ चा हा कायदा धर्म-जात न पाहता कोणत्याही दोघांना लागू होतो. त्यात लग्न ‘कोणत्याही पद्धतीने’ करता येते, असे कलम १२ मध्ये म्हटले आहे. अट एकच : विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे, दोघांना समजेल अशा भाषेत सांगायचे. त्याआधी किंवा नंतर कविता वाचा, रोप लावा, स्वतः लिहिलेल्या शपथा घ्या.

हे लग्न अधिकाऱ्याच्या कार्यालयातच लावले पाहिजे, असेही नाही. जादा शुल्क भरून वाजवी अंतरावरच्या अन्य ठिकाणीही लावता येते, अशी तरतूद आहे. अर्थात अधिकाऱ्यांची वेळ आधी पक्की करावी लागते.

मालमत्तेवरील परिणामही समजून घ्यायला हवा. दोघेही हिंदू असतील तर वारसा हक्कात फरक पडत नाही. मात्र हिंदू एकत्र कुटुंबातील व्यक्तीने या कायद्याखाली अन्य धर्मीयाशी लग्न केले, तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते. वारशालाही भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो.

मग अडचण कुठे येते?

नोटिशीत. लग्नाची नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस कार्यालयात दर्शनी भागात लावली जाते आणि ३० दिवसांत कोणीही आक्षेप घेऊ शकते. दोघांपैकी कोणाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही नोटिशीची प्रत जाते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचे लग्न गावाकडच्या कार्यालयातील फलकावर आधी झळकते, ते असे. घरच्यांची संमती असेल तर ही औपचारिकता ठरते. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला घरातून विरोध असेल, तर हाच महिना धोक्याचा ठरू शकतो.

आक्षेप मात्र कोणत्याही कारणाने चालत नाही. वय, आधीचा विवाह, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते एवढ्याच बाबी त्यात तपासल्या जातात. ‘आम्हाला जात मान्य नाही’ हे कारण कायद्यात बसत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस जाहीर करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवले. सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची वा समाजाची संमती गरजेची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात बजावले आहे. जातपंचायतीने वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मदतीला येतो.

गोव्यात काय स्थिती आहे?

पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे तिथे नागरी नोंदणीला मुख्य महत्त्व आहे. आधी लग्नाचा इरादा नोंदवायचा आणि ठरावीक मुदतीनंतर पुन्हा नोंदणी अधिकाऱ्यापुढे येऊन सह्या करायच्या, अशी सर्वसाधारण पद्धत. लग्नापूर्वी करार केला नाही, तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक मानली जाते. वेगळी व्यवस्था हवी असल्यास ती लग्नाआधीच करारात लिहावी लागते. त्यामुळे गोव्याच्या जोडप्यांना पैशांचा विषय मंडपाआधी काढावाच लागतो. तसे बोलणे इतरांनाही फायद्याचेच आहे.

पैसा कोणाचा आणि लग्न कोणाचे?

लग्न कोणाच्या मनासारखे होणार, हे बरेचदा खर्च कोण करतो यावर ठरते. वधूपित्याने कर्ज काढून कार्यालय घ्यायचे आणि जोडप्याने ‘आमचं लग्न आमच्या पद्धतीने’ म्हणायचे, यात मेळ बसत नाही. पाहुण्यांची यादी निम्मी केली, की जेवण, कार्यालय, आहेर या तिन्ही खर्चांना कात्री लागते. मुहूर्ताचा दिवस टाळला, तर कार्यालय मिळणे सोपे होते आणि भाड्यातही घासाघीस करता येते.

पालकांचीही बाजू आहे. वीस-पंचवीस वर्षे ज्यांच्या घरी आहेर केला, त्यांना बोलवायचे नाही, हे आई-वडिलांना जड जाते. अशा वेळी लग्न मोजक्या माणसांत आणि नंतर साधे स्वागत, हा मधला मार्ग अनेक घरांत निघतो.

‘भेटवस्तू’च्या नावाखाली होणाऱ्या देण्याघेण्याकडेही लक्ष हवे. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधू आणि वराला मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या ठेवून त्यावर दोघांच्या सह्या असायला हव्यात. ही यादी फारच कमी घरांत होते. वाद झाल्यास स्त्रीधन कोणते, हे सांगायला ती उपयोगी पडते.

तयारीचा क्रम कसा असावा?

पहिल्यांदा दोघांनी स्वतंत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात : लग्न कोणत्या कायद्याखाली, किती माणसांत आणि कोणाच्या पैशांतून. त्यानंतर दोन्ही घरांशी बोलावे.

विशेष विवाह कायदा निवडला, तर तारखेच्या किमान दोन महिने आधी कागदपत्रे जमवायला लागावे. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून नोटीस ऑनलाइनही देता येते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर ती रद्द होते आणि पुन्हा द्यावी लागते. म्हणून फार आधीही देऊ नये.

धार्मिक पद्धत निवडली, तर कोणते विधी ठेवायचे आणि कोणते वगळायचे, हे पुरोहितांशी आधीच बोलावे; ऐन मांडवात वाद नको. सप्तपदी ठेवली असेल, तर तिची छायाचित्रे, चित्रफीत आणि साक्षीदारांची नावे जपावीत. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करून घ्यावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याने वरात आणि संगीताची वेळ त्यानुसार आखावी.

हॅशटॅग, मंडपाची फुले आणि कपड्यांचे रंग यासाठी वेळ नंतरही मिळतो. सात पावलांचा अर्थ काय, कन्यादान ठेवायचे का, लग्नानंतर नाव बदलायचे का, खर्च निम्मा-निम्मा करायचा का, ही बोलणी मात्र कार्यालयाची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी झालेली बरी.