वाघिणी कुणासाठी?

पुणे-मिरज लोहमार्गाच्या दुपदरीकरणावर व विद्युतीकरणावर सरकारने मोठा खर्च केला, त्याचे स्वागतच आहे. पण या मार्गावरून माल कुणाचा जाणार, हे सातारा-सांगलीत कुणी विचारताना दिसत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

१९५०च्या सुमारास देशातील चार-पंचमांशांहून अधिक माल रेल्वे वाहत होती. आज तिचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास आहे. २०२४-२५ मध्ये तिने १६० कोटी टनांहून अधिक माल वाहिला खरा, पण त्यातला निम्मा कोळसा! मालाच्या याच कमाईवर गोरगरिबांचे पॅसेंजरचे तिकीट स्वस्त राहते. आणि कोळसा काही कायमचा नाही. अमेरिकेत रेल्वेची कोळसा वाहतूक २००८ नंतर निम्म्याहून अधिक घटली, तेथील कंपन्या कंटेनरकडे वळल्या. ब्रिटनचे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. आपल्याकडे कोळसा ओसरला की तूट तिकिटातून वसूल करणार काय?

दुसरा माल आहे, दारातच आहे. तासगावची द्राक्षे, सांगलीची हळद, कराडचा गूळ. पण रेल्वेला हवी असते चाळीसहून अधिक वाघिणींची पूर्ण रेक. ती कारखानदार भरेल, खतकंपनी भरेल; दोन एकरवाला कुठून भरणार? तो ट्रकवाल्याच्या दारात जातो, सांगेल ते भाडे मोजतो. रेल्वे कायदा १९८९चे कलम ७० मालवाहतुकीत कोणा एकाला किंवा एका प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकते माप देण्यास मनाई करते. पूर्ण रेकची अट त्या कलमाच्या कसोटीवर तपासून घ्यायला हवी, असे आमचे वकिली मत आहे.

मनात आणले तर रेल्वेला जमते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला दहा वाघिणींतून पाणी गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून किसान रेल सुटली. थोडा मालही घेत होती, भाड्यात निम्मी सवलत होती. त्याच डिसेंबरात शंभरावी गाडी सांगोल्याहून निघाली. पुढे सवलत आटली, गाड्याही थांबल्या.

मालधक्क्यावरच्या हमालाचे नाव तर कुठल्याच आराखड्यात नसते. १९६९चा माथाडी कायदा त्याच्या घामासाठी झाला. कंटेनर आले की ओझे उतरेल, पण मजुरीही जाईल. तेथे त्याला काय काम देणार, ते आधी ठरवावे.

कराड, सांगली व मिरजेतून आठवड्याच्या ठरल्या दिवशी, दहा पोतीही घेणारी मालगाडी सोडा, ही आमची मागणी आहे. तिन्ही ठिकाणचे शेतकरी आणि हमाल यांनी आपापल्या स्टेशनमास्तरकडे तसा लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.