जयपूरचा गुलाबी नेमका कोणता?

जयपूरला जाऊन आला असाल, तर मोबाईलमध्ये हवा महालाचे किती फोटो आहेत ते मोजा. वीस? पन्नास? आता फोटो न बघता सांगा, महालाचा रंग कोणता? ‘गुलाबी’ असं पटकन म्हणाल. पण रंगपेटीतला गुलाबी कागदावर लावलात, तर वाढदिवसाचा केक तयार होईल, महाल नाही.

१८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनी शहर रंगवून घेतलं आणि ‘गुलाबी शहर’ हे नाव पडलं. प्रत्यक्षात तो रंग गेरूच्या जवळचा आहे. उन्हात पिवळट, सावलीत जांभळट. फोटो काढताना हे निसटतं, चित्र काढताना निसटत नाही. म्हणून या वेळी जलरंगात एक छोटं अभ्यासचित्र करू या. भिंतीवर टांगायला नाही, नीट पाहायला.

सामान थोडंच लागतं: पोस्टकार्डाएवढा ३०० जीएसएमचा कागद, एक मध्यम गोल ब्रश, पाणी, जुनं सुती फडकं आणि चार रंग. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू. जयपूरजवळच्या सांगानेरचा हातकागद प्रसिद्ध आहे. तो घेतलात तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच शोषला गेला, तर त्यावर रंग पसरणार नाही. तो कागद पेन्सिलीच्या कामाला ठेवा.

वेळ सकाळची निवडा. महालाची दर्शनी बाजू पूर्वेला आहे, त्यामुळे ऊन थेट पडतं. पेन्सिलीने फक्त बाहेरचा आकार काढा: पाच मजले, वर निमुळते होत जाणारे. १७९९ मध्ये बांधलेल्या या महालाला ९५३ झरोके आहेत. मोजत बसू नका.

पहिला हात: भरपूर ऑकर, थोडं सिएना, क्रिमसनचा ठिपका. रंग पातळ हवा आणि एकदाच पुरेसा कालवून घ्या, कारण तिथल्या कोरड्या हवेत तो झटपट वाळतो. वरून खाली न थांबता उतरा. ऊन लागलेल्या कडा कोऱ्या सोडा. वाळू द्या.

दुसरा हात: याच मिश्रणात अल्ट्रामरीन घालून सज्जांखालच्या आणि झरोक्यांच्या एका बाजूच्या सावल्या.

तिसरा हात: दहा-बारा खिडक्यांचे गडद ठिपके. बाकीच्या बघणाऱ्याचे डोळे भरून काढतात.

यादीत पांढरा रंग नाही, हे लक्षात आलं असेल. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. आपल्या सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे प्रसिद्ध चित्र जलरंगातलंच आहे. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा घेतलेल्या स्त्रीच्या बोटांतून झिरपणारा उजेड पाहिला, की भोवतीचा अंधार किती सांभाळून रंगवलाय ते कळतं.

सहल आटोपून घरी आला असाल, तरी हरकत नाही. आधी पाच मिनिटं आठवणीतून काढा, मग फोटो उघडा. जे आठवलं नाही, ते आपण पाहिलंच नव्हतं! मुलांना सोबत घ्या. त्यांना फोटोतलं नाही ते आठवतं: कबुतरं, रिक्षा, कुल्फीवाला.

चित्राच्या मागे तारीख आणि वेळ लिहा. जयपुरात अजून मुक्काम असेल, तर संध्याकाळी पुन्हा तिथे जा. आता दर्शनी बाजू सावलीत असेल आणि त्याच मिश्रणाला निळा जास्त लागेल. दोन्ही कागद शेजारी ठेवा. जयपूरचा गुलाबी एकच नाही, हे घरातल्या लहानग्यालाही दिसेल.