सांडवा तुंबला तर दोष कुणाचा?



रोहिणी सरत आल्या. मृग तोंडावर आहे. कुणाचे राब भाजून झाले, कुणाच्या उसाची मोठी बांधणी चालू आहे, कुणी खताच्या पिशव्यांसाठी सोसायटीत हेलपाटे घालतो आहे. या धांदलीत एका गोष्टीकडे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती आज आम्ही मांडत आहोत. आपल्या वाड्या-वस्त्यांच्या डोक्यावर उभे असलेले मातीचे छोटे बांध, ही ती गोष्ट.

पवना, वडिवळे यांसारख्या धरणांना सरकारी अभियंता आहे, चौकीदार आहे. वळवण, शिरोता ही टाटांची धरणे खोपोलीच्या वीजघरासाठी शंभर वर्षांपूर्वी बांधली गेली, त्यांची देखभाल कंपनी करते. पण १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर आपल्याच आई-वडिलांनी पाट्या वाहून जे पाझर तलाव आणि लघु तलाव उभे केले, त्यांना कोण विचारतो? शंभर हेक्टरच्या आतली योजना म्हणजे जिल्हा परिषदेची, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यापुढे तलाव आणि आपण यांचा संबंध मोटर चालू करण्यापुरता.

मावळच्या माणसाचा एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. लोणावळ्याचे भुशी धरण आपण लहानपणापासून पाहतो. रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेले ते दगडी काम. पावसाळ्यात पाणी त्याच्या पायऱ्यांवरून खळाळत जाते आणि पुण्या-मुंबईची मंडळी त्यात बसून भजी खातात. हे पाहून आपल्याला वाटते की धरणावरून पाणी गेले म्हणजे धरण भरले, आनंद झाला! दगडी धरणाचे तसे असेल. मातीच्या बांधाचे तसे नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी सुरू झाले की ते खालच्या उताराची माती कापत वर सरकते, आणि काही तासांत बांधाचा चर होतो. म्हणून मातीच्या बांधाचा प्राण त्याच्या सांडव्यात. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अशा मुलखात सांडवा तुंबलेला ठेवणे म्हणजे चुलीवर दूध ठेवून बाजाराला जाणे.

दुसरे मरण आतून येते. पाणी मातीतून थोडे पाझरणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पायथ्याशी निघणारे पाणी नितळ असेल, तर बांधातली माती जागेवर आहे. पण तेच पाणी गढूळ झाले, किंवा पाऊस नसताना वाढू लागले, की समजावे, पाणी आतली माती घेऊन बाहेर येत आहे. विमोचकाच्या नळाच्या कडेने, घुशीच्या बिळातून, वठलेल्या झाडाच्या कुजक्या मुळाच्या पोकळीतून असा रस्ता पडतो. बाहेरून बांध शाबूत दिसतो आणि आतून पोखरलेला असतो.

पुणे जिल्ह्याला हे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ची सकाळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली. पानशेतचे मातीचे धरण पूर्ण तयार नसताना त्यात पाणी साठले, विमोचकाच्या बांधकामाने दगा दिला, वरचा भराव खचला. सैन्याच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी धरण गेले. पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याचे नदीकाठचे पेठांचे जग वाहून गेले.

ती जुनी गोष्ट म्हणाल, तर २ जुलै २०१९ ची रात्र आठवा. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे गेली. धरण लहान होते, वीस वर्षांचेही नव्हते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांनी धरण फोडले, असे मंत्री म्हणाले आणि महाराष्ट्र हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. खेकडा बीळ करतोच, तो त्याचा धर्म. ते बीळ वेळेवर पाहणे आणि बुजवणे हा माणसाचा धर्म, तो कुणी पाळला?

याच्या उलटही एक उदाहरण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरचे नवे धरण गळू लागले. गळती वेळेत दिसली. खालची गावे रिकामी केली, यंत्रे लावून बाजूने चर खोदला आणि पाणी काढून दिले. धरणाचे नुकसान झाले, पण जीव गेला नाही. तिवरे आणि कारम यांत फरक इतकाच की एका ठिकाणी पाहिलेले वेळेत कामी आले, दुसऱ्या ठिकाणी आले नाही.

कायद्याचे काय, असे सभासद विचारतील. केंद्राने २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करणे त्याने बंधनकारक केले. चांगले झाले. पण तो कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही ठराविक धरणांनाच लागू आहे. आपला आठ-नऊ मीटरचा तलाव त्यात बसत नाही. पाण्याला मात्र हा कायदा माहीत नाही. आठ मीटरवरून सुटलेले पाणी खालच्या ठाकरवाडीला तितकेच जड.

गेल्या पंधरवड्यात आम्ही आपल्या कार्यक्षेत्रातल्या अशाच एका तलावावर जाऊन आलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण कथा एका गावाची नाही. सांडव्यात घाणेरीची झुडपे माणसाच्या उंचीची. सांडव्याच्या तोंडाशी गेल्या साली रचलेली वाळूची पोती तशीच. ती कुणी रचली? सरकारने नव्हे. हातभर पाणी जास्त साठावे, दोन पाळ्या अधिक मिळाव्यात, म्हणून आपल्याच एका सभासदाने! बांधाच्या माथ्यावर गुरांच्या वाटेने वीतभर घळ पडलेली. पायथ्याची माती वीटभट्टीला गेलेली. आणि एका ठिकाणी मोटरच्या पाइपासाठी बांधच खणलेला. आम्ही विचारले तर उत्तर मिळाले, "एवढ्यानं काय होतंय? बापाच्या टायमापासून हाय तसं हाय."

बंधूंनो, बापाच्या टायमाला बांध नवा होता.

हे काम सरकारचे आहे, कारखान्याने ऊस गाळावा, असे काही जण म्हणतील. दुरुस्ती सरकारचीच, हे आम्हालाही मान्य. उलट आमचे सांगणे असे की अभियंत्याला विचारल्याशिवाय कुणी बांधाला कुदळ लावू नये. मोठे झाडही परस्पर मुळासकट उपटू नये, त्याची पोकळी अधिक घातक. पण पाहण्याला कुणाची परवानगी लागते? तलावाखालचा ऊस आपला, वस्ती आपली, फायदा आपला. मग डोळे तेवढे सरकारचे हवेत, हा कुठला न्याय? १५ जून २०२५ ला आपल्याच तालुक्यात कुंडमळ्याचा जुना पूल कोसळून चार जण गेले. पूल धोक्याचा आहे हे सगळ्यांना माहीत होते. सगळ्यांना माहीत असणे आणि कुणीतरी जबाबदार असणे, या दोन गोष्टी वेगळ्या.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक तलावामागे खालच्या बाजूचे दोन सभासद नेमावेत. त्यांनी मृगापूर्वी सांडवा मोकळा झाला का ते पाहावे, पोती काढून टाकावीत, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पायथ्याने एक फेरी मारावी. पाणी नितळ की गढूळ, वाढले की तेवढेच, माथ्याला भेग आहे का, उतार कुठे फुगला का, एवढेच तारखेसह वहीत लिहावे. गढूळ दिसले की त्याच घटकेला पोलीस पाटील, तहसील कचेरी आणि खालची वस्ती यांना कळवावे, सकाळची वाट पाहू नये. कारखान्याच्या शेतकी खात्याची माणसे तशीही शिवारात फिरतात, त्यांनी महिन्यातून एकदा या वह्या पाहाव्यात. जिल्हा परिषदेकडे तक्रार करायची तर अशी वही हातात असली की साहेबालाही "बघू" म्हणून वाटेला लावता येत नाही.

याला लागणारा खर्च म्हणजे एक कोयता, एक वही आणि आठवड्यातला एक तास. येत्या वार्षिक सभेत हा ठराव यावा. उसाच्या दरावर आपण तासन्‌तास भांडतो आणि भांडलेच पाहिजे. त्यातली पंधरा मिनिटे या बांधांना द्या. आणि सभेची वाट न पाहता, ज्याने ती पोती रचली आहेत त्याने ती उद्या सकाळीच काढावीत. दोन पाळ्या कमी मिळाल्या तर ऊस थोडा हलका भरेल. खालच्या वाडीत रात्री दिवा लागलेला दिसेल, तो त्याहून मोलाचा आहे.