राइट ऑफ म्हणजे माफ नव्हे!



व्हिडिओत 'राइट ऑफ' हा शब्द मी घाईत उरकला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. आपल्या बॅचमधला एक दादा याच शब्दापायी अडकलाय.

त्याचं दुकान बंद पडलं, हप्ते थकले. पुढे कळलं की बँकेने कर्ज राइट ऑफ केलंय. 'बँकांनी हजारो कोटी राइट ऑफ केले' हे बातम्यांत ऐकलेलं, त्यामुळे साहेब निर्धास्त! चार वर्षांनी नव्या धंद्यासाठी लोन मागायला गेला, तर सिबिल रिपोर्टवर 'रिटन ऑफ', आणि जुनं देणं जसंच्या तसं.

माझं मत स्पष्ट आहे. असे इंग्रजी शब्द सुटे तोडून पाठ करू नका. राइट म्हणजे लिहिणं, ऑफ म्हणजे बंद, असं केलं की फसलात. कोण राइट ऑफ करतंय, आणि काय, ते आधी बघा.

बँक करते तेव्हा ती रक्कम तिच्या ताळेबंदातून निघते. तुमची जबाबदारी संपत नाही, वसुली चालूच राहते. माफीला इंग्रजीत 'वेव्ह' म्हणतात. आपल्याकडे सर्रास 'वेव्ह ऑफ' बोलतात, आणि सगळा घोळ त्या 'ऑफ'मुळेच होतो.

आता तुमची उधारी. गिऱ्हाइकाकडचे 8,400 रुपये येत नाहीत, तर तुम्ही ते बुडीत खात्यात टाकता. हेही राइट ऑफच. विक्री आधी उत्पन्नात धरलेली असेल, तर ही रक्कम नफ्यातून वजा होते. (प्रिझम्प्टिव्ह स्कीममध्ये रिटर्न भरत असाल तर वेगळी वजावट नाही. भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, हे मला आजही खटकतं.) पण गिऱ्हाईक सुटलं का? नाही! पैसे मागत राहा. आले की त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवा.

अपघातात गाडी दुरुस्तीपलीकडे गेली तर तीही 'राइट-ऑफ'. आपण टोटल लॉस म्हणतो. आणि 'डोंट राइट हिम ऑफ' म्हणजे त्याला मोडीत काढू नका. इथे 'हिम' मध्येच येतं, 'राइट ऑफ हिम' चालत नाही.

बँकेला मेल लिहिताना दंड माफ हवा असेल तर 'वेव्ह' लिहा, 'राइट ऑफ' नको.

आमच्या दादाला बँकेने सेटलमेंट सुचवली होती. पण मग रिपोर्टवर 'सेटल्ड' पडतं, आणि पुढच्या बँकेला तेही खुपतं. म्हणून तो पूर्ण रक्कम भरून नो ड्यूज सर्टिफिकेट घेणार आहे. पहिला हप्ता गेल्या महिन्यात भरला.