उंबरठा नसलेली घरे

ग्वाल्हेरच्या रस्त्याकडेला बैलगाडीत संसार थाटणाऱ्या गाडिया लोहारांना आपण ‘बेघर’ म्हणतो. आम्हांस हा शब्द मान्य नाही. १५६८ साली चितोड पडले, तेव्हा घरात न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. भाता-ऐरण घेऊन गावोगाव फिरणाऱ्याची गाडी हेच घर आणि तोच कारखाना. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना सन्मानाने चितोडगडावर नेले. तरी चार भिंती म्हणजेच प्रतिष्ठा, हा आपला हेका सुटला नाही. आपले वाडे ज्या लष्कर भागात आहेत, तो दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून वसला. आपणही राहुटीतूनच वाड्यात आलो! ज्याला घर हवे, त्याला ते अवश्य मिळावे. परंतु शाळेचा आणि शिधापत्रिकेचा हक्क उंबरठ्याला का बांधावा?